गस्तीच्या होडीवरची पहिली केस

बुद्धभूषण हिवराळे यांना समुद्र मानवत नसे. जालन्याकडच्या या माणसाला मत्स्यव्यवसाय खात्याने भाईंदरच्या किनाऱ्यावर अंमलबजावणी अधिकारी म्हणून नेमलं, यात खात्याचा काही दुष्ट हेतू नव्हता. जागा रिकामी होती आणि हिवराळेही रिकामे होते. सरकारात याला नियोजन म्हणतात.

काम तसं सोपं होतं. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, म्हणून मासेमारीला बंदी; आणि बंदी मोडून दर्यात जाणाऱ्या होड्या पकडायच्या. अडचण एवढीच, की होडी पकडायला होडी लागते, आणि ती खात्याकडे नव्हती. म्हणून खात्याने जवळच्या राई गावातल्या धर्माजी कोळ्याची होडी भाड्याने घेतली. धर्माजी तिचा मालक आणि तोच तांडेल, म्हणजे सुकाणूवर तोच. सोबत त्याचा खलाशी लवू. थोडक्यात, कोळ्यांना पकडायला कोळ्याचीच होडी. ती खाडीतून बाहेर पडली, की तिच्या इंजिनाची टुकटुक ओळखून सगळा किनारा क्षणात सज्जन व्हायचा.

असे दोन पावसाळे गेले. केस एकही नाही. ब्याण्णवच्या जुलैत वरच्या साहेबांनी हिवराळ्यांना बोलावून घेतलं.

"हिवराळे, एक तर तुमच्या किनाऱ्यावर सगळे संत राहतात, नाहीतर तुम्ही झोपा काढता. बंदी उठायच्या आत एक तरी केस दिसली पाहिजे. नाही दिसली तर भंडाऱ्याकडे तलाव भरपूर आहेत. तिथे लाटाही नसतात, तुम्हाला बरंच."

ही गोष्ट घरी सांगणं हे समुद्रापेक्षा अवघड काम होतं. पेणकरपाड्यात दोन खोल्यांचं घर घेऊन वर्षसुद्धा झालं नव्हतं. वैजयंताबाईंना जवळच्याच शाळेत नुकतीच नोकरी लागली होती. त्यांनी पोळी लाटता लाटता सगळं ऐकून घेतलं.

"परभणी झालं, लातूर झालं. दरवेळी मीच भांडी बांधायची. आता मी इथून हलायची नाही. तुम्ही जा भंडाऱ्याला, मोजा तळ्यातले मासे. पत्र टाकत जा."

"अगं, एक केस मिळाली की झालं."

"मग मिळवा ना! सगळ्या बाजारात बंदीतली कोळंबी मिळते, तुम्हालाच तेवढी केस मिळत नाही."

दुसऱ्याच दिवशी पाऊस उघडलेला बघून हिवराळे सकाळीच राईच्या धक्क्यावर हजर झाले. होडीत पाय ठेवण्याआधी त्यांचं लक्ष कोपऱ्यातल्या जाळ्याकडे गेलं.

"धर्माजी, गस्तीच्या होडीवर जाळं चालत नाही. कितीदा सांगितलं?"

"सायेब, आमच्यात तांडेल मेला का मगच होडीवरशी जालं उतरवतान. तुमी म्हनता तं उतरवतो. पन बायकोला अगोदर सांगून येतो, नायतर ती उगीच रडंल."

हिवराळे कायद्याचे पक्के होते, पण कुणाला जिवंतपणी मारण्याइतके नव्हते. "बरं, राहू द्या. शास्त्रापुरतं," ते म्हणाले आणि हातात लिंबू घेऊन नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, जाऊन बसले.

खाडीचं तोंड येईपर्यंत ते बसलेले होते. तोंड आलं तसे ते आडवे झाले. समुद्रावर नजर ठेवण्याचं काम त्यांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून केलं. मधे कधीतरी, होडी परत खाडीच्या तोंडाशी आली तेव्हा, इंजिनाचा आवाज हळू झाला, होडी संथ झाली, आणि पोटाला जरा आराम पडला म्हणून हिवराळ्यांनी मनातल्या मनात धर्माजीचे आभार मानले.

"सायेब, उठा! हात लावा जरा, लई जड हाय!"

लवू ओरडत होता. हिवराळे धडपडत उठले. लवू आणि धर्माजी दोरी ओढत होते, होडी एका अंगाला कलली होती. बुडणाऱ्या होडीवर माणूस प्रश्न विचारत नाही. त्यांनी दोरी पकडली आणि जीव खाऊन ओढली. पाण्यातून जाळं वर आलं. चकचकीत बोयटं, खच्चून कोळंबी, आणि मधोमध हाताएवढा जिताडा, शेपूट आपटत.

हिवराळ्यांनी आयुष्यात जाळं वर येताना पाहिलं नव्हतं. मळमळ कुठल्या कुठे गेली. "अरे ओढा! ओढा! तो मोठा सुटतोय, लवू, धर त्याला!" असं ते ओरडत होते, आणि जिताडा होडीत पडला तेव्हा तर त्यांनी चक्क टाळी वाजवली.

मग हळूहळू टाळी थांबली.

"धर्माजी," ते म्हणाले, "हे काय केलं आपण?"

धर्माजीने जाळ्याकडे पाहिलं, मग लवूकडे. खरोखरच तो गांगरला होता.

"लवू, तू जालं टाकलंस?"

"ही जागा आली का हात आपसूक जातो," लवू म्हणाला. "तू इंजान हल्लू केलास, म्हनून मी टाकलं."

"मी कवा हल्लू केलं?" धर्माजी म्हणाला, आणि त्याने वळून पाहिलं. इंजिन अजून हळूच चालत होतं.

सगळ्या किनाऱ्यावर त्या दिवशी बंदी मोडणारी एकच होडी होती, आणि ती सरकारने भाड्याने घेतलेली होती.

"परत सोडून देऊ पाण्यात," हिवराळे म्हणाले.

"मेलेली कोलंबी सोडून काय पवनार हाय काय ती? आनि सोडलं तरी…" धर्माजीने बोट दाखवलं. हाकेच्या अंतरावर, खाडीच्या काठावर राईच्या बायका हसत उभ्या होत्या. सर्वांत पुढे टोपली घेऊन त्याची बायको अंबिका.

होडी धक्क्याकडे वळली. मग धर्माजी म्हणाला, "सायेब, तुमाला एक केस पायजे ना? माज्यावरच करा. दोन वरसं तुमी माज्या होडीत वकता नि मी ती धुतो, येवढं तं आपलं नातं हायच."

हिवराळ्यांना भरून आलं. धक्क्यावर उतरताच त्यांनी पंचनाम्याचा कागद काढला. आरोपी एक, धर्माजी. आरोपी दोन, लवू.

"आनि तिसरा?" अंबिकाने कमरेवर हात ठेवला.

"तिसरा कोण?"

"आवो सायेब, दोरी कोन वढत हुता? 'धर त्याला, धर त्याला' कोन वरडत हुता? माजा नवरा भोला हाय म्हनून येकटाच आत जाईल काय? मी पंच म्हनून अंगठा देते, पन खरं लिवा!"

बायका जोरात हसल्या. हिवराळ्यांनी पेन वर धरलं. खोटं लिहिलं तर गावभर बोभाटा, खरं लिहिलं तर खातंभर. पण भंडाऱ्याचे तलाव डोळ्यांसमोर होते आणि केस तर हवी होतीच. त्यांनी लिहिलं: आरोपी तीन, बी. हिवराळे. नियमाप्रमाणे मासळीचा लिलाव झाला. तो अंबिकानेच पुकारला, कारण दुसरं कुणी इतकं मोठ्याने ओरडू शकत नव्हतं.

वरच्या साहेबांनी तो अहवाल दोनदा वाचला.

"हिवराळे, आरोपी तुम्ही?"

"तिसरा, सर."

"आणि तक्रारदार?"

"तोही मीच, सर."

"साक्षीदार?"

"गाव."

साहेबांनी डोकं धरलं. हे वर पाठवावं, तर होडी भाड्याने घेण्याच्या आदेशावर त्यांचीच सही होती. दाबून ठेवावं, तर गावाने पाहिलेलं. "तुम्हाला आजच्या आज भंडाऱ्याला पाठवतो!" ते गरजले.

कचेरीतल्या आशाबाई फायलीवरची धूळ झटकत म्हणाल्या, "पाठवता नाही येणार, साहेब. सरकारी माणूस आरोपी म्हटल्यावर विभागीय चौकशी आलीच, आणि ती संपेपर्यंत आरोपीला मुख्यालय सोडता येत नाही. यांचं मुख्यालय भाईंदर."

हिवराळ्यांनी घरी येऊन ही बातमी सांगितली. आपल्या नवऱ्यावर सरकारी चौकशी लागली हे ऐकून वैजयंताबाईंनी शेजारच्या तीन घरी शिरा वाटला. चौकशी किती दिवस चालेल, एवढंच त्यांनी काळजीने विचारलं.

ती काळजी अनाठायी होती. चौकशी अधिकारी बंदी उठल्यावर आले, होडीत बसून जागा पाहिली, अंबिकाच्या हातचं कोळंबीचं कालवण जेवले आणि प्रकरण गुंतागुंतीचं असल्याचा शेरा मारून गेले. पुढच्या वर्षी ते पुन्हा आले, बायकोला घेऊन. सत्त्याण्णव साल उजाडलं तरी प्रकरण तितकंच गुंतागुंतीचं होतं.