खोडलेला ट्रॅकर

तडतडीला वाट पाहणं कधी जमलंच नाही. हे नाव तिच्या आईने ठेवलेलं. दूध तापायच्या आत पातेलं उतरवणाऱ्या पोरीला दुसरं काय म्हणणार? पुढे ती प्रोग्रामर झाली आणि तो स्वभाव जसाच्या तसा तिच्या प्रोग्राममध्ये उतरला. खाण तशी माती.

त्या दुपारी, सायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या दोन टेबलांच्या ऑफिसात, ती पडद्याकडे बघत दातओठ खात होती. तिची आई अंध लोकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करायची. ऐकणारे ती रेकॉर्डिंगं तडतडीच्या प्रोग्रामने एकमेकांच्या संगणकांवरून उतरवून घेत. एका कादंबरीचं शेवटचं प्रकरण वाचून झालं आणि आई आजारी पडली, ती उठलीच नाही. प्रकरण सगळ्यांकडे होतं, पण अर्धवट, आणि सगळ्यांचं नेमकं एकाच जागी अडलेलं, आईचा संगणक बंद झाला तिथेच.

आज संध्याकाळी वाचनालयात श्रोते जमणार होते. शेवट ऐकवते, असा शब्द तडतडीने छातीठोकपणे देऊन ठेवला होता. पहिल्या रांगेत बाबा बसणार होते. आई गेल्यावर वर्षभरात त्यांचीही नजर गेली होती, आणि बायको जगाला काय वाचून दाखवायची, हे ते आता पहिल्यांदाच ऐकत होते. "शेवटी त्या दोघांचं काय होतं गं?" हे ते रोज विचारत.

"यादीतला चौथा ट्रॅकर कुठाय?" मास्तरने विचारलं. मास्तर म्हणजे तिचा भागीदार. शाळेतली नोकरी सोडल्यापासून त्याने कुणाला शिकवलं नव्हतं, पण बोलायचा असा, की समोरच्याने वही काढावी.

"खोडला. मेलेला आहे."

"कुणी सांगितलं मेला?"

"तीनदा विचारलं. उत्तर नाही. नाव बाद. माझ्या प्रोग्रामचा नियमच आहे तो."

"तीनदा म्हणजे एका दमात, सकाळी सकाळी! अगं, ट्रॅकर म्हणजे कोपऱ्यावरचा दुकानदार. माल त्याच्याकडे नसतो, पण कुणाच्या घरी काय आहे ते त्याला ठाऊक असतं. दुकान बंद दिसलं म्हणून माणूस मेला समजतेस?"

"मग काय दारात ताटकळत बसू?"

"तेही नको. तो गप्प असताना बाकीच्यांना विचारत राहा, एकापायी सगळ्यांचा खोळंबा नको. त्याला मात्र परत हाक मार. आधी लवकर, मग जरा थांबून, मग आणखी थांबून. आणि थांबण्याला कुंपण घाल, नाहीतर तो दार उघडेल तेव्हा तू झोपलेली असशील. फक्त खोडू नकोस."

तडतडी फणफणली. पण संध्याकाळ डोक्यावर होती आणि अडला हरी. तिने खोडायचा नियम काढला, थांबायचा घातला आणि प्रोग्राम सुरू केला.

हाक गेली. उत्तर नाही. दुसरी गेली. नाही. तिसऱ्या हाकेनंतर तिचा हात सवयीने कीबोर्डकडे गेला. मास्तरने तो अलगद बाजूला केला आणि तिच्यापुढे चहाचा कप ठेवला. चहा गार झाला. हाकांमधलं अंतर वाढत गेलं, तशी तिची नखं कमी होत गेली.

आणि मग ती ओळ हिरवी झाली.

"मास्तर! बोलला! अरे, बोलला तो!" खुर्ची मागे उलटी पडली. ट्रॅकर नुसता जागा झाला नव्हता, त्याने एक संगणकही दाखवला होता, आणि त्याच्याकडे प्रकरण अख्खं होतं! अडलेला टक्क्यांचा आकडा दोन वर्षांनी पहिल्यांदा हलला. मास्तरही शिकवायचं विसरून नाचायला लागला.

तडतडीने त्या संगणकाचा पत्ता उघडला आणि तिचा चेहरा उतरला. तो आकडा तिला तोंडपाठ होता. तो तिच्याच घराचा होता. आणि ट्रॅकरचाही तोच; यादीत त्याचं नुसतं नाव होतं, त्यामागचा आकडा तिने कधी पाहिलाच नव्हता.

आईचा जुना संगणक! पण तो तर भंगारात गेला होता. तिनेच बाबांना सांगितलं होतं, धूळ खात पडलाय, देऊन टाका. देऊन टाकला, असं बाबा म्हणाले होते. आज सकाळी खोडलेला पत्ता आईचाच होता तर.

"आत्ता चालू आहे म्हणजे बाबांनी चालू केलाय," ती म्हणाली, "आणि मी घरी जायच्या आत ते बंद करणार!"

तिने फोन लावला. उचलला नाही. जिना उतरत दुसऱ्यांदा लावला. खालच्या दुकानातली ब्रेक नसलेली सायकल तिने ओढली, दुकानदार ओरडला, "अगं, दुरुस्तीला आलीय ती!" पण ती कोपऱ्यावर पोचलीसुद्धा. तीनदा झालं, चारदा झालं, ती फोन लावतच राहिली. घराच्या फाटकाला सायकल धडकली तेव्हाच थांबली.

माळ्याखालच्या अडगळीच्या खोलीत बाबा स्टुलावर बसले होते. संगणक घरघरत होता आणि त्यांचं बोट बटणावर होतं.

"बाबा, नका! हात काढा!"

चोरी पकडल्यासारखे ते दचकले. "रागावू नकोस गं. दुपारी थोडा वेळच लावतो. ती काम करायची तेव्हा घरभर ही घरघर असायची. तेवढीच ऐकतो आणि बंद करतो."

तेवढ्यात तडतडीचा फोन वाजला आणि मास्तर किंचाळला, "आलं! पूर्ण आलं! लावतोय बघ!"

आणि आई वाचू लागली. दोघं जमिनीवर फोनला चिकटून बसली. कादंबरीतली ती दोघं अखेर भेटली, बाबांनी मांडीवर थाप मारली, "मी म्हणत नव्हतो!" शेवटचं वाक्य संपलं. पुस्तक मिटल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकली आणि आईचा आवाज जरा लांबून आला. वाचनाचा नव्हे, घरातला.

"अहो, मी जरा पडते. हे बंद नका करू हं, लोकांचं उतरून व्हायचंय."

बाबांनी बटणावरचं बोट कधीच काढलं होतं. तरी त्यांनी हात मागे घेतला आणि मांडीखाली दाबून ठेवला.

"बरं," ते संगणकाकडे तोंड करून म्हणाले. "नाही करत."