चुलीपुढच्या दगडाला घाम फुटला

मी गबनेटच्या चुलीपुढचा दगड. आयर्लंडच्या पश्चिमेच्या या बेटावर एके काळी पाऊस मला विचारल्याशिवाय पडत नसे.

माझं बालपण किनाऱ्यावर गेलं. देवमासे माझ्यावर पाठ घासून जायचे. खोटं वाटत असेल तर देवमाशांना विचारा. तिथून गबनेटच्या सासऱ्याने मला ओढत आणलं आणि चुलीपुढे बसवलं.

पाऊस यायचा असला की मला घाम सुटे. तसे बेटावर जाणते पुष्कळ. मांजर विस्तवाकडे पाठ करून बसलं की वादळ, धुराड्यातून काजळी पडली की पाऊस, समोरचा डोंगर जवळ दिसला तरी पाऊसच. पण मांजराची जात लहरी, आणि डोंगर कायम धुक्यात. होडीवाला टायग होडी लोटण्याआधी मलाच हात लावून बघायचा.

गबनेट विधवा. तिची एकुलती लेक एथना कामासाठी अमेरिकेला निघाली, तेव्हाची गोष्ट. सकाळी आभाळ लख्ख आणि मी कोरडा ठणठणीत. एथना आत पेटी बांधत होती. गबनेटने इकडेतिकडे पाहिलं, कपात उरलेला चहा माझ्यावर ओतला आणि एप्रनच्या टोकाने हळूच पसरवला.

टायग आला. त्याने मला पाहिलं, दारातून आभाळ पाहिलं, मग गबनेटचा रिकामा कप पाहिला.

"दगडाला घाम आलाय," तो म्हणाला. "आज होडी नाही. जहाज परवा सुटतंय, उद्या नेतो पोरीला."

तो गेल्यावर एथनाने माझ्यावर बोट फिरवलं आणि चाटलं.

"आई, याचा घाम गोड कधीपासून झाला?"

"म्हातारा झाला गं. या वयात गोड खावंसं वाटतं."

एथनाने पेटीची दोरी सोडली, बाह्या सारल्या आणि बटाटे धुवायला घेतले. दिवसभरात दोघींनी वर्षभराची भांडणंसुद्धा उरकून घेतली.

दुसऱ्या दिवशी गबनेट लेकीच्या आधी उठली. तिने चुलीत एवढा जाळ केला, की मी लाल व्हायचाच बाकी राहिलो. थेंब टिकेल तर शपथ. तिला स्वतःच्या हाताचा भरवसा नव्हता, कप पुन्हा कलंडला असता. मग तिनेच लेकीला हलवून उठवलं.

आता घरात सिमेंटची जमीन आहे, हवामान रेडिओ सांगतो आणि मी दाराबाहेर असतो. संध्याकाळी गबनेट माझ्यावर बसते आणि विचारते, "बॉस्टनला पाऊस असेल का रे?"

मला तिथलं ओ की ठो कळत नाही. तेवढं तिला सांगू नका. ती तळहात टेकवते, तेव्हा मी जीव खाऊन कोरडा राहतो.