दफ्तरातला अंगठा

सन १३३० फसली, म्हणजे इंग्रजी १९२१; निजामी फरवर्दी महिन्याची सात तारीख, सकाळचे दहा. बीडमधल्या एका अदालतीचा दफ्तरखाना उघडायला आलेल्या चपराशाला दारात एक विधवा बसलेली दिसली. त्याने मान फिरवली आणि कुलूप मागच्या दाराचं काढलं. त्याच्या पाठोपाठ आलेले दोन कारकूनही मागूनच आत गेले. सकाळच्या पारी विधवेचं तोंड पाहिलं की दिवस वाया जातो, हे तिघांनाही घरीच शिकवलेलं होतं.

तिचं नाव सुंदरबाई, वय चोवीस. कपिलधारच्या वाटेवरच्या एका खेड्यात तिचं सासर होतं, सध्या ती भाऊ शहादेव याच्याकडे राहत होती. तिला हवी होती दोन वर्षांपूर्वीच्या एका निकालाची नक्कल. त्या निकालाने तिची एकुलती एक मुलगी तारा हिचं पालकपण थोरले दीर मोहनराव यांच्याकडे गेलं होतं. त्याच कागदाच्या जोरावर मोहनरावांनी आठ वर्षांच्या ताराचं लग्न घाटनांदूरच्या बंकटरावांशी ठरवलं. बंकटराव चव्वेचाळीस वर्षांचे. दोन बायका वारलेल्या, आणि थोरली मुलगी तारापेक्षा पाच वर्षांनी मोठी. लग्न पंचवीस तारखेला होतं. मध्ये अठरा दिवस उरले होते.

शहादेव हे लग्न मोडा म्हणून सांगायला गेला, तेव्हा मोहनरावांनी त्याच्यासमोर कागद हलवला होता. "तुझ्या भनीनं बीडच्या अदालतीत नाजिम साहेबाम्होरं अंगठा दिलाय. पोरगी माझ्या हवाली केलीय तिनं. आता कावून रडती?"

सुंदरबाईने अंगठा दिला नव्हता. दोन वर्षांपूर्वी तिने बीडच पाहिलं नव्हतं.

अदालतीसमोरच्या लिंबाखाली राधाकिशन अर्जनवीस बसत. लोकांचे अर्ज उर्दूत लिहून देणं हे त्यांचं तीस वर्षांचं काम. त्यांनी सुंदरबाईचं सगळं ऐकून घेतलं आणि लेखणी खाली ठेवली.

"बाई, आत सहा हजार मिसली हायेत, खटल्यांची कागदपत्रं. बस्त्यात, कापडी गठ्ठ्यात बांधलेल्या, तारखेवार. नावानं कुनी हुडकत न्हाई. तारीख सांगा."

"तारीख मला काय ठावं, मुनशीजी? मी कोपऱ्यात व्हते."

"मंग मिसल बी कोपऱ्यातच ऱ्हाईल."

कोपरा म्हणजे काय, ते राधाकिशनना सांगावं लागलं नाही. १३२८ सालच्या मानमोडी तापाच्या साथीत सुंदरबाईचा नवरा तिसऱ्या दिवशी गेला. मोहनरावांचं घर गावात मानाचं, आणि मानाच्या घरची विधवा वर्षभर उंबरा ओलांडत नाही. माजघराच्या मागे धान्याच्या कणग्या होत्या. त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये एक घोंगडी अंथरलेली होती. सुंदरबाई त्या घोंगडीवर बसली. जेवणाचं ताट जमिनीवरून सरकवलं जाई. अंगणात जायचं ते पहाटे, कोणी उठायच्या आत. तारा सहा वर्षांची होती. आईजवळ बसली की तिला उचलून नेत, का, तर पोरीला सावली लागेल. त्या वर्षी सोयरेधायरे जमले असताना मोहनराव अभिमानाने म्हणाले होते, "आमच्या सुनंनं वरीसभर सूर्य पाह्यला न्हाई." सोयऱ्यांनी माना डोलावल्या होत्या.

वर्ष सरलं तेव्हा सुंदरबाईला गाडीत बसवून भावाच्या दारात सोडण्यात आलं. तारा घरातच राहिली.

"काही तरी आठवा," राधाकिशन म्हणाले. "घरातून गाडी कधी गेली, कोन कोन गेलं."

सुंदरबाई मनातल्या मनात एकेक सण मागे गेली. मग म्हणाली, "संक्रांतीचा दुसरा दिस. कर. त्या दिशी कुनी चांगल्या कामाला भाईर पडत न्हाई, आन् भावजींनी पहाटंच गाडी जुपली. माझं एक लुगडं वाळत घातलेलं, ते सांच्यापतूर गायब. आक्का, म्हंजे माझी जाऊ केसरबाई, गाडीत गेलती. सांजच्याला आली तर हात मोकळे. येक बी बांगडी न्हाई. सवाष्णीचे हात, आन् मोकळे. ताट सरकवाया आली तवा कणगीच्या फटीतून पाह्यलं मी. दुसऱ्या दिशी कासाराला बोलवून बांगड्या भरल्या. हळदीकुंकवाला गेलीच न्हाई त्या साली."

राधाकिशननी तिच्याकडे रोखून पाहिलं. तीस वर्षांत त्यांनी पुष्कळ खोटे कागद पाहिले होते, पण जिवंत नवऱ्याने बायकोला विधवा करून उभी केल्याचं त्यांनीही ऐकलं नव्हतं.

"इस्फंदार म्हैना," ते बोटं मोजत म्हणाले. "तारीख दहा ते तेराच्या मधी. चार दिसांचा बस्ता. हुडकता येतो." त्यांनी अर्ज लिहिला. "तुमाला पोरगी पायजे ना, बाई?"

"पोरगी पायजे. आन् त्येंची इज्जत बी पायजे. आधी पोरगी."

अर्ज आत गेला. उत्तर आलं, उद्या या. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवसापासून सुंदरबाई उजाडताच येऊन मागच्या दारात बसू लागली. चपराशी पुढच्या दाराने गेला, तर चौथ्या दिवशी ती पुढच्या दारात होती आणि शहादेवने मागच्या दाराला पाठ लावली होती.

दफ्तर सांभाळणारे वृद्ध मुहाफिज साहेब वैतागून म्हणाले, "बाई, सुबह सुबह दारात कावून बसता? कारकून लोक कामाला लागत न्हाईत."

"माझं तोंड पाह्यलं की अपशकुन व्हतो म्हन्त्यात, साहेब. मी तर रोज येनार. मिसल गावली की तोंड काळं करीन मी हितनं."

मुहाफिज साहेबांना हसू आलं. ते त्यांनी दाढीत लपवलं. दुपारी इस्फंदारचा बस्ता खाली उतरला.

चौदा तारखेला नक्कल हातात आली. राधाकिशननी लिंबाखाली ती वाचून दाखवली. मोहनरावांचा अर्ज, सुंदरबाईचा जबाब, मी अडाणी आहे, पोरीचं मला झेपणार नाही, दीर सांभाळतील. शेवटी कारकुनाच्या सुबक अक्षरात एक ओळ होती: निशाणी डाव्या अंगठ्याची, सुंदरबाई.

"अंगठा कुठंय?" सुंदरबाईने विचारलं.

"हा काय, लिव्हलाय की."

"लिव्हलाय. उठवलेला कुठंय?"

राधाकिशननी कागद उलटापालटा केला आणि कपाळावर हात मारला. नक्कल लिहिणारा अक्षरं उतरवतो. अंगठा उतरवता येत नाही. खरा ठसा मिसलीतच राहतो आणि त्याच्या जागी नकलेत एक शब्द येतो. त्या शब्दापुरती सुंदरबाई खोटी आणि मोहनराव खरे ठरत होते. सात दिवस एवढ्यासाठी गेले होते.

दुसरा अर्ज झाला. मूळ मिसल डोळ्यांनी पाहण्याचा, मुआयन्याचा. सतरा तारखेला मुहाफिज साहेबांनी स्वतः मिसल टेबलावर ठेवली आणि पान उघडलं. काळ्या शाईचा ठसा स्वच्छ होता. त्याच्या मधोमध, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, आडवी पांढरी रेघ गेलेली होती.

सुंदरबाईने आपला डावा अंगठा त्याच्या शेजारी धरला. त्यावर एकही वण नव्हता.

"ही रेघ विळीची हाय," ती म्हणाली. "आक्काचा अंगठा विळीनं चिरला तवा हळद म्याच भरली व्हती."

मुहाफिज साहेबांनी ठशाकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं, आणि पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्याकडेही पाहिलं. मग विचारलं, "उस दिन किसीने तुमचा चेहरा पाह्यला न्हाई?"

"माझा कसा पाहतील, साहेब? तिचा पाह्याचा व्हता. पर तुमच्या दारात पदर वढलेली रांड बाई हुभी. कोन पाह्यल?"

कोणीही पाहिलं नव्हतं. दिराने ओळख सांगितली, ती लिहून घेतली गेली. कोणाला विकत घ्यावं लागलं नाही, धमकवावं लागलं नाही. विधवेच्या पदराआड डोकवायचं नसतं, एवढ्या एका शिकवणीवर सगळं काम झालं.

अर्ज नाजिम साहेबांकडे, म्हणजे न्यायाधीशांकडे गेला. केसरबाईने बावीस तारखेला हजर राहून डाव्या अंगठ्याचा ठसा द्यावा, असा हुकूम निघाला.

इथे सुंदरबाईला गप्प राहता आलं असतं. ती राहिली नाही. एकोणीस तारखेला सकाळी ती सासरच्या गावी नदीवर गेली. केसरबाई धुणं धूत होती. आजूबाजूला आठ-दहा बायका होत्या.

"आक्का, दोन सालामागं करीच्या दिशी बांगड्या कुनी उतरवल्या गं तुझ्या?"

केसरबाईचा हात थांबला. "हळू बोल, सुंदर. तुझ्या पाया पडते."

"हळू कावून? बीडात तर मोठ्यानं बोललीस, नवरा मेला म्हनून. भावजी शेजारीच हुभे व्हते. जित्ता नवरा हुभा, आन् बायकू कुंकू पुसून सांगती मी रांड. लई ग्वाड संसार तुमचा."

चंद्रभागाबाई नावाची म्हातारी हातातलं लुगडं टाकून उठली. "काय गं केसर, खरं हाय हे?"

केसरबाईने बांगड्यांवर पदर ओढला. एवढं सगळ्यांना पुरलं. म्हातारी आपलं ओलं धुणं उचलून वरच्या अंगाला जाऊन बसली. एकेक करत बाकीच्याही गेल्या.

"त्येंनी पुसाया लावलं," केसरबाई हलकेच म्हणाली. "माझ्याच हातानं. तवापून त्येंना साधं पडसं झालं तरी माझा जीव थाऱ्यावर न्हाई."

"बरं झालं," सुंदरबाई म्हणाली.

"माझं काय चुकलं गं?"

"वरीसभर ताट सरकवलंस मला, कुत्र्यावानी. यकदा तरी सांगायचं व्हतं, तुझ्या नावानं अंगठा देऊन आले म्हनून."

दुसऱ्या दिवशी मोहनरावांच्या घरी लग्नाची हळद दळायला पाच सवाष्णी बोलावल्या होत्या. एकही आली नाही. जातं दुपारपर्यंत तसंच पडून होतं. नवरा जिवंत असताना जिथल्या बाईने कुंकू पुसलं, त्या घरची हळद कोण दळणार? मोहनराव स्वतः दोन घरी गेले. एका घरच्या ओसरीवरून कोणी तरी म्हणालं, "कोपरा खरा का कचेरी खरी, ते आधी सांगा, मोहनराव. सून कोपऱ्यात व्हती तर बीडात कोन गेलतं? आन् सूनच बीडात गेलती तर वरीसभर सूर्य न पाह्यल्याची फुशारकी कशाची?" ओसरीवरचे बाकीचे हसले.

हा न्याय नव्हता. ज्या अंधश्रद्धेने सुंदरबाईला कोपऱ्यात बसवलं, तिनेच आता केसरबाईला वाळीत टाकलं होतं. सुंदरबाईला ते ठाऊक होतं की नाही, सांगता येत नाही. शहादेव तिला म्हणाला, "ताई, केसरबाईचा काय दोष?" ती म्हणाली, "ज्येचा हाय त्येच्या घरात चूल कुनी पेटवायची, ते बघू दे त्याला."

बावीस तारखेला सकाळी अकरा वाजता पुकारा झाला. मोहनराव हजर नव्हते. केसरबाई एकटी, पायी, चार कोस चालून आली होती. तिच्या डाव्या हाताला मनगटापर्यंत फडकं बांधलेलं होतं.

नाजिम साहेबांनी दोघींनाही पदर मागे घ्यायला सांगितलं. चपराशाने सवयीने मान फिरवली. "इधर देखो," नाजिम साहेब त्याला म्हणाले. "सगळ्यांनी पाहा."

फडकं सोडण्यात आलं. अंगठ्याचं पुढचं सगळं कातडं भाजून निघालं होतं.

"भाकरी भाजताना?" नाजिम साहेबांनी विचारलं.

केसरबाईने नाही म्हणून मान हलवली. "तवा चुलीवर व्हता, भाकरी न्हवती. मालकांनी हात धरला. म्हन्ले, आता ठसा दे जा."

सुंदरबाई दोन पावलं पुढे आली आणि त्या अंगठ्याकडे वाकून पाहू लागली.

"दुखतं का?"

"दुखतं की."

"दुखू दे. मला दोन वरसं दुखतंय." मग तिने केसरबाईच्या हाताला हात न लावता विचारलं, "मंग आलीस कशाला?"

"तारीला काल सकाळीच गाडीत घातलं त्येंनी. घाटनांदूरला. म्हूर्त अलीकडं वढलाय." केसरबाई नाजिम साहेबांकडे वळली. "अंगठा जळला, साहेब. जे झालं त्ये मला सांगता येतं. लिव्हून घ्या."

जबाब पाऊण तास चालला. खाली उजव्या अंगठ्याचा ठसा घेतला गेला. ओळख पटवायला या वेळी कोणा पुरुषाला विचारलं नाही. जुना निकाल तहकूब करून लग्न थांबवण्याचा हुकूम निघाला. दुपारी एक वाजता तो घेऊन एक स्वार घाटनांदूरकडे सुटला. घाटनांदूर तीस कोसांवर होतं आणि गाडीला सव्वा दिवसाची आघाडी मिळालेली होती.

मोहनरावांच्या नावे पकडवॉरंट आहे. ते गावात सापडलेले नाहीत. केसरबाई सासरी परत गेली नाही, माहेरीही गेली नाही. शहादेवच्या ओसरीवर तिचं अंथरूण आहे. सुंदरबाई तिला ताट वाढते, हातात देते, पण घरी आल्यापासून तिच्याशी बोललेली नाही.

पंचवीस तारखेला सकाळी दहा वाजता दफ्तरखाना पुढच्या दाराने उघडला. सुंदरबाई पायरीवर होती. चपराशी तिच्या समोरून आत गेला आणि जाता जाता त्याने नाही म्हणून मान हलवली. स्वार परतलेला नव्हता.