कंसातलं एक मिनिट

आधीच सांगून ठेवते, ही गोष्ट सांगताना मी थाप मारत नाहीये. गोष्टीच्या आत थापा आहेत, चांगल्या लोणकढ्या आहेत, त्या माझ्याच आहेत. पण सांगणं खरं आहे.

माझी सून रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. दिवसभर लोकांना सुया टोचते आणि घरी येऊन मोजकं बोलते. आमच्या घरी बोलायचं खातं माझ्याकडे. तर या बाईने चाळिशी उलटल्यावर गुपचूप एक नाटक लिहिलं. केवढं, तर पंधरा मिनिटांचं. मी म्हटलं, "पंधरा मिनिटांत आमच्या वेळी नायकाची मिशी चिकटून होत नव्हती गं."

"मिशी नाहीये यात," ती म्हणाली. संपलं बोलणं.

एका छापखान्याच्या वर हॉल आहे. तिथे नाटकवेड्यांची एक टोळी जमते. नव्या लेखकांची छोटी छोटी नाटकं बसवतात, लोकांना बोलावतात. या वेळी चार नाटकं होती. बघणाऱ्यांनी आवडलेल्या नाटकाच्या डब्यात चिठ्ठी टाकायची, आणि जिंकेल ते नाटक मोठ्या थिएटरात करायचं असं ठरलेलं. सून बोलत नव्हती, पण महिनाभर आमटीत मीठ दोनदा पडत होतं, त्यावरून मला कळत होतं तिला ते किती हवंय.

प्रयोगाच्या आदल्या दिवशी त्यांची प्रॉम्प्टर पाय मुरगळून घरी बसली. प्रॉम्प्टर म्हणजे विंगेत बसून, नट वाक्य विसरला की हळूच सांगणारी. सुनेने जेवताना सहज सांगितलं, आणि मी उचलली जीभ लावली टाळ्याला. "मी आहे ना. मी थिएटरात सात वर्षं होते."

होते, हे खरं. तिकीटखिडकीवर. प्रॉम्प्टिंग केलं दोनदा, खऱ्या प्रॉम्प्टरची दाढ दुखत होती म्हणून.

तालमीला गेले आणि त्यांच्या दिग्दर्शकाला, त्याला सगळे उंट म्हणतात, मान तशी आहे, मी सांगितलं की एकदा नायकाला अख्खं नाटक आठवेना, तेव्हा मी रंगमंचावरच्या पलंगाखाली झोपून तीन अंक सांगितले. तिसऱ्या अंकात शिंकले, तर नायकाने पलंगाला म्हटलं, "शतायुषी हो." लोकांनी पलंगाला टाळ्या दिल्या. उंट पोट धरून हसला. म्हणाला, "आजी, तुम्ही आम्हाला आधी का नाही भेटलात?" सून कोपऱ्यात पाणी पीत होती. ती हसली नाही. तिने पलंग याआधी ऐकला होता, तेव्हा दोनच अंक होते.

तिचं नाटक असं. स्वयंपाकघरात एक म्हातारी मटार सोलत बसलीये. सून फोन घेऊन आत येते, म्हणते, "आई, बाबा गेले." म्हणजे तिचे वडील. म्हातारी काही बोलत नाही. मग बाकावर सरकून म्हणते, "ये, बस इथे." आणि पुढे दोघी थोडंसं बोलतात.

म्हातारीचं काम पोस्टातली एक बाई करत होती, केसांना पावडर लावून. तालमीत मी सुनेच्या कानात म्हटलं, "ही घुमी कोण गं? आपल्याकडे असं कोणी नाही."

"नाहीच ना," सून म्हणाली.

एवढं सांगूनही मला कळलं नाही. अक्कल गहाण म्हणतात ती हीच.

आता माझी चूक कशी झाली ते नीट सांगते. तालमीत "बाबा गेले" झालं की उंट टाळी वाजवायचा, "इथे शांतता, पुढे चला." वेळ वाचवायला. त्यामुळे ती शांतता मी कधी पाहिलीच नाही. दुसरं म्हणजे, त्या दाढदुख्या प्रॉम्प्टरने मला एकच धडा दिला होता: कंसातलं आपलं नसतं. कंसात लिहिलेलं असतं ते नटांचं, कुठे वळायचं, कधी उठायचं. आपण फक्त वाक्यं वाचायची, बोट वाक्यावरून हलवायचं नाही. मी तो धडा चाळीस वर्षं जपला, आणि कंसाकडे पाहिलं नाही.

रविवारी दुपारी हॉल भरला. साठेक खुर्च्या. पहिलं नाटक लिफ्टमध्ये अडकलेल्या दोघांचं होतं, ते एकमेकांशी फक्त मजल्यांचे आकडे बोलतात. मला वाटलं होतं कंटाळा येईल. शेवटी तो माणूस "शून्य" म्हणाला तेव्हा माझ्याच डोळ्यांत पाणी आलं. ही आजकालची मुलं थोडक्यात बरंच सांगतात, हे मी मान्य करते.

तिसरं आमचं. मी विंगेत स्टुलावर, वही मांडीवर, बोट वाक्यावर.

"आई, बाबा गेले."

पोस्टातल्या बाईने हातातली शेंग खाली ठेवली. आणि गप्प.

मी पाच मोजले. दहा मोजले. गेली, हिचं वाक्य गेलं. मी कुजबुजले, "ये, बस इथे." ती हलली नाही. मी जरा मोठ्याने म्हटलं. तिने डोळ्यांच्या कोपऱ्यातून माझ्याकडे बघितलं, मला वाटलं मदत मागतेय. मग मी पोटातून आवाज काढला, पलंगाखालून काढला असता तसा, "अगं ये, बस इथे!"

मागच्या रांगेपर्यंत गेला. कोणीतरी फिसकन हसलं, मग बरेच जण. पोस्टातल्या बाईने घाईघाईने वाक्य म्हटलं आणि नाटक कसंबसं शेवटाला लागलं. मला वाटलं मी नाटक वाचवलं. खरंच वाटलं. घरी जाऊन ही गोष्ट कशी सांगायची, तेसुद्धा मी जुळवायला लागले होते.

त्यांची एक पद्धत आहे. नाटक संपलं की लेखकाने मंचावर स्टुलावर बसायचं, लोकांनी बोलायचं, लेखकाने ऐकायचं. तोंड उघडायचं नाही, खुलासा करायचा नाही. सून बसली, हात मांडीवर.

पुढच्या रांगेतले एक दातांचे डॉक्टर उभे राहिले. "मला तो आतून येणारा आवाज फार आवडला. तो घराचा आवाज आहे. माणसं बोलत नाहीत तेव्हा घर बोलतं."

"आणि तीनदा," मागून एक बाई म्हणाल्या. "दर वेळी चढत जाणारा. काय योजना केलीये."

उंटाची मान आणखी लांब झाली. तो म्हणाला, "मोठ्या थिएटरात तो आवाज वरून आणू, चारही बाजूंनी."

मी विंगेत फुलले होते, खोटं कशाला बोलू. मग सुनेकडे बघितलं. ती खाली बघत होती आणि अंगठ्याने दुसरा अंगठा दाबून धरला होता. तिला मी तसं एकदाच बघितलंय.

चार वर्षांपूर्वी. स्वयंपाकघरात. मी मटार सोलत होते. ती फोन घेऊन आली आणि म्हणाली, "आई, बाबा गेले." आणि मी, तिला हलकं वाटावं म्हणून, लगेच सांगितलं की माझे वडील तर गेले असं डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि ते उठून बसले, म्हणाले माझ्या चपला कोणी नेल्या. ती हसली होती. अंगठा दाबून हसली होती. ते हसणं मी पुढे चारचौघांत मिरवलं, बाप गेला त्या दिवशीसुद्धा मी सुनेला हसवलं म्हणून.

वहीत बघितलं. दोन वाक्यांच्या मधे कंस होता. तिच्या बारीक अक्षरात, खाली दोन रेघा: (शांतता. पूर्ण एक मिनिट. म्हातारी काहीही बोलत नाही.)

तिने नाटकात तरी मला एक मिनिट गप्प बसवलं होतं. मी तिथेही बोलले.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं म्हणतात. छापखान्यावरच्या हॉलची जमीन सिमेंटची, ती कसली दुभंगते. मी उठले आणि मंचावर गेले.

"तो आवाज घराचा नाही," मी म्हटलं. "माझा आहे. मी प्रॉम्प्टर. मला वाटलं बाई वाक्य विसरली."

लोक हसले. उंट म्हणाला, "आजींच्या थापा फार गोड असतात. पलंगाची ऐकाच तुम्ही."

"पलंग थाप होती," मी म्हटलं. "मी तिकिटं फाडायचे. हे खरं आहे." पण हसणं थांबेना. जितकं खरं सांगावं तितके जास्त हसत होते. शेवटी मी वही डॉक्टरांच्या हातात दिली आणि कंसावर बोट ठेवलं. त्यांनी मोठ्याने वाचलं. वाचून झाल्यावर ते खाली बसले, वही मिटून.

मग त्या हॉलमध्ये जी शांतता झाली ती नाटकात हवी होती.

सून काही बोलली नाही. पद्धतच होती ना, लेखकाने बोलायचं नाही.

चिठ्ठ्या लिफ्टवाल्या नाटकाच्या डब्यात जास्त पडल्या. घरी जाताना बसमध्ये ती खिडकीशी बसली, मी शेजारी, पर्स छातीशी धरून. चार थांबे गेले.

"तुम्ही मंचावर येऊन बोलला नसतात तर माझंच निवडलं असतं," ती म्हणाली.

"हो."

"सगळ्या जन्मात एकदा गप्प बसून फायदा होता. तेव्हाच बोललात."

मी मान खाली घातली. आणखी एक थांबा गेल्यावर ती बाहेर बघतच म्हणाली, "पण तो आवाज घेऊन मी मोठ्या थिएटरात गेले नसते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भाजी निवडत होते. ती लॅबला जायला तयार होऊन आली, डबा भरला, आणि ओट्याला टेकून तशीच उभी राहिली. माझ्या जिभेवर एक गोष्ट आली होती, बसमधून अस्वल गेलं त्याची. चांगली होती. मी ती दातांमागे दाबून धरली. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा बघत राहिले. मिनिट एवढं लांब असतं हे मला सत्तर वर्षं कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी मी मधेच तोडलं असतं.

काटा फिरून वर आला. मी बाकावर थोडी सरकले.

ती घड्याळाकडे बघून म्हणाली, "मला उशीर होतोय, आई." आणि बसली.