सरळ केलेला कोपरा

मित्रांनो, जाडजूड, पिवळ्या पानांचा असा मी एक जुना इंग्रजी शब्दकोश. एका बाइंडरने मला स्वतः बांधले आणि लग्नानंतर बायकोला दिले. तिला शिकायची फार हौस होती. दुपारची कामे उरकली की ती मला मांडीवर घेई, एक शब्द निवडी आणि त्या पानाचा कोपरा दुमडून ठेवी. शब्द पाठ झाला की कोपरा उलगडी. घडीची रेघ मात्र राहून जाई.

बाइंडरचा जीव खालीवर होई. "अगं, खुणेला दोरा घाल की! पानं कसली मुरगाळतेस?"

"पानं कुठं ओरडतायत? तुम्हीच ओरडताय."

एकदा तिला माझ्यात 'डॉग-इअर्ड' हे विशेषण सापडले. ती हसत सुटली. "अहो, ऐका. कुत्र्याच्या कानांसारखे कोपरे दुमडलेलं पुस्तक! काही कुत्र्यांचे कान टोकाशी खाली पडतात ना, तसे. आधी नुसत्या दुमडलेल्या कोपऱ्यालाच 'कुत्र्याचा कान' म्हणायचे, त्यावरून हा शब्द झाला. शेकडो वर्षं जुना आहे. म्हणजे तिकडंही माझ्यासारख्या बायका होत्या."

"आणि कपाळ बडवणारे नवरेही असतील!"

पुढे ती आजारी पडली. दवाखान्यातही मी उशाशी होतो. तिथे तिने एक कोपरा दुमडला. तो उलगडायला ती राहिली नाही.

वर्षभर मला कुणी हात लावला नाही. मग एके दिवशी बाइंडरने मला कारखान्यात नेले. "तिची वस्तू आहे, नीट करतो," एवढेच तो म्हणाला. त्याने दुमडलेला तो कोपरा, पान न पाहताच, सवयीने अंगठ्याने सरळ केला, मला शिकंज्यात दाबून ठेवले आणि नवे कापड चढवले. मी अगदी नवा दिसू लागलो.

संध्याकाळी त्यांची मुलगी आली. "बाबा, आईचा शेवटचा शब्द कोणता होता हो? कोपरा दुमडला होता ना तिनं?"

त्याने घाईघाईने माझी पाने चाळली. शेकडो पानांवर रेघा होत्या आणि सगळ्या सारख्याच दिसत होत्या. मला ते पान ठाऊक होते, पण मला तोंड नाही.

आता तो रोज रेघ असलेले एक पान उघडतो आणि मुलीला अर्थ विचारतो. परवा तिच्या शेवटच्या शब्दाचे तेच पान आले. त्याने नेहमीसारखा अर्थ विचारला आणि न ओळखताच पुढे गेला.

मित्रांनो, गेलेल्या माणसाची वस्तू हाती आली, तर ती आधी आहे तशीच नीट पाहा. दुरुस्ती मागाहून होते.