उभा दरबार

खडकगढीच्या दसऱ्याच्या दरबारात कोणी बसत नाही. मुकुटबनच्या शाळेत माझी बदली झाली त्या वर्षी मी तो पहिल्यांदा पाहिला, तेव्हा वाटलं, सतरंज्या यायला उशीर झाला असेल. देवळापुढच्या पटांगणात दगडी ओटा, त्यावर लाल मखमलीची गादी, लोड, मागे दोन भाले. गादी रिकामी. ओट्याच्या खाली, मातीत, फेटा बांधलेले एक उंच, वाळके म्हातारे उभे होते. त्यांच्या डाव्या हाताला तेवढ्याच म्हाताऱ्या बाई. आरशांचा फेटिया, म्हणजे बंजारा बायांचा घेरदार घागरा, आणि दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. समोर बारा गावांची माणसं. तीही उभीच.

"राजे बसत नाहीत?" मी शेजारच्या बाईंना विचारलं.

"राजे उभे असल्यावर आपन कसं बसावं, मॅडम?"

"पण राजे का उभे आहेत?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी विचारलं होतं की पाणी ओलं का असतं. "दरबार उभाच असते नं," त्या म्हणाल्या.

ते राजे गोविंदशहा आणि त्या राणी बसंतीबाई. गोंड घराण्याची ही लहानशी जमीनदारी राजे पोरगे होते तेव्हाच कायद्यानं गेली. गढीचं आता नुसतं टेकाड आहे. कपाशी-तुरीचं शेत, स्लॅबचं चार खोल्यांचं घर आणि दसऱ्याचा मान, एवढंच उरलं. पुढच्या वर्षी त्यांच्या लग्नाला साठ वर्षं होणार म्हणून गावानं त्यांचं चरित्र छापायचं ठरवलं. शाळेत मराठी शिकवते म्हणून ते काम माझ्याकडे आलं. उत्सव समितीचे वामनराव म्हणाले, "सुरभी मॅडम, पूर्वजांच्या लढायांचं जरा जोरदार येऊ द्या."

लढाया एका दुपारी संपल्या. उरलेला हिवाळाभर मी राजांच्या अंगणात बसून त्या दोघांचीच गोष्ट ऐकत राहिले.

राजे तेव्हा विशीतले. वणीहून सायकलनं परत येत होते आणि खुनी नदीला पूर आलेला. सायकल काठावर टाकून ते पाण्यात उतरले, कारण राजानं काठावर वाट पाहत बसणं बरं दिसत नाही असं त्यांना वाटलं. मध्यावर पाय सुटले.

"मी म्हशी घेऊन येत होती," बसंतीबाई म्हणाल्या. "पाह्यलं तं एक मानूस वर-खाली, वर-खाली. मी ओरडली, शेपटी धर! यानं म्हशीचं शिंग धरलं."

"शिंगच जवळ होतं," राजे म्हणाले.

"म्हैस बिथरली ना मंग. म्या याचा हात धरून शेपटीवर नेला. काठावर आल्यावर हा मले म्हन्ते कसा, मी खडकगढीचा राजा आहो. म्या म्हन्लं, असशील बापा, पहिले म्हशीची शेपटी सोड."

राजे हसत नव्हते. ते तिच्याकडे पाहत होते. साठ वर्षांपूर्वीची ती बाई अजून काठावर भिजून उभी आहे आणि आपण तिला आताच पाहतो आहोत, असं त्यांचं पाहणं होतं. मी मोबाइलवर बोलणं टिपत होते. त्या क्षणी तो बंद करावासा वाटला.

त्यानंतर गोविंदशहा दर बाजाराच्या दिवशी तिच्या तांड्यावर जाऊ लागले. निमित्त म्हैस घेण्याचं. एक घेतली, मग दुसरी घेतली. गढीवर दूध पिणारी माणसं कमी आणि म्हशी जास्त झाल्या, तेव्हा बसंतीचे वडील शंकरसिंग नायक यांनी त्यांना खाटेवर बसवलं आणि सरळ विचारलं, "राजे, आता अजून किती म्हशी नेता?"

"म्हशी नाही पाह्यजे आता," गोविंदशहा म्हणाले.

 नायक म्हणाले, "आमची पोर चालत्या तांड्याची आहे. तिले कोंडू नका. अन् तिचा फेटिया उतरवू नका." गोविंदशहांनी दोन्ही गोष्टी कबूल केल्या. दोन्हीकडचे लोक नाराज होते. लग्न तांड्यावरच झालं, गढीवरून फक्त त्यांची विधवा आत्या आली.

मग दसरा आला. रीत अशी की गादीवर राजा-राणी जोडीनं बसतात आणि बारा गावांचे मानकरी दोन्ही बाजूंना आपापल्या जागी. त्या जागा पिढ्यान् पिढ्यांच्या. कोण कोणाच्या वर बसतो यावरून पूर्वी डोकी फुटलेली. आदल्या दिवशी थोरले मानकरी धर्माजी घरी आले आणि म्हणाले, "राणी घरात नांदो, आमचं काही म्हननं नाही. पन ती आपल्या कुळाची नाही. गादीवर तिची सावली नको. तुमी एकटे बसा."

 दुसऱ्या दिवशी गोविंदशहा बसंतीला घेऊन पटांगणात आले, गादीला वाकून नमस्कार केला आणि ओट्याच्या खाली तिच्या शेजारी उभे राहिले. मानकरी वाट पाहत राहिले. राजा उभा असताना खाली बसणं म्हणजे त्याचा अपमान. ज्या जागांसाठी आजे-पणजे भांडले, त्या जागांपुढे सगळे मानकरी ऊन उतरेपर्यंत ताटकळले. पुढच्या वर्षी तेच. त्याच्या पुढच्या वर्षीही. धर्माजी हट्टाला पेटले, राजे तर त्यांच्याहून जास्त. हळूहळू सतरंज्या कोणी आणेनासं झालं. धर्माजी वारले. ज्यांना कारण ठाऊक होतं त्यांतले बहुतेक एकेक करून गेले, आणि उरलेल्यांना वाटू लागलं की आपला दरबार असाच असतो.

 शब्दही न बोलता एका माणसानं बारा गावांना पन्नासहून जास्त वर्षं बायकोसाठी उभं केलं होतं! मी तसं बोलूनही गेले.

बसंतीबाई तूर निवडत होत्या. सूप त्यांनी खाली आपटलं.

"माह्यासाठी? मले कोनी इचारलं होतं का? यानं मले वर्सावर्साले लोकाईपुढे उभं केलं. सगळे माह्याकडेच पाहे. म्हने, हिच्यापायी आमचे गुडघे गेले. मले तं घरी राहून पुरनपोळी करायची होती."

राजे खाली मान घालून बसले होते.

"एका साली मी तांड्यावर निघून गेली," त्या सांगू लागल्या. "म्हन्लं, बस म्हना आता एकटा गादीवर. दसरा तोंडावर आला. हा पायी आला. माह्या बापापुढे, भावापुढे, साऱ्या तांड्यापुढे म्हन्ते, बसंती, मी तुह्यासाठी उभा राहत नाही."

"मग?" मी विचारलं.

उत्तर राजांनी दिलं, जमिनीकडे पाहतच. "म्या सांगतलं, मले तुह्याबिगर बसताच येत नाही. तेवढंच होतं. मान-अपमान लोकाईनं जोडला."

बसंतीबाईंनी सूप पुन्हा उचललं. "मंग काय करता? आली मी वापस."

 मला जे आतापर्यंत मोठं वाटत होतं, त्याच्याहून हे कितीतरी मोठं होतं, आणि ते लिहायचं कसं हे मला कळत नव्हतं. ज्या माणसाला एक साधी गोष्ट जमत नव्हती म्हणून त्यानं ती कधी केली नाही, त्याचं चरित्र कोणत्या लढाईनं सुरू करायचं?

गेल्या उन्हाळ्यात बसंतीबाई हातपंपापाशी घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. यवतमाळला ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी सांगितलं की वॉकर धरून चार पावलं चाला, पण फार वेळ उभं राहायचं नाही. राजे दवाखान्यात तिच्या पायथ्याशी स्टुलावर बसून असायचे. नर्सेसना ते कोण हे शेवटच्या दिवशी कळलं.

दसरा जवळ आला तशी गावात कुजबुज सुरू झाली. बसंतीबाई म्हणाल्या, "मी घरी राहतो, तुमी जा." राजे म्हणाले, "मंग दरबार अंगनातच घेऊ." शेवटी ऑटोतून त्यांना पटांगणात आणलं. ओट्याच्या खाली, नेहमीच्या जागी, मातीत एक लाल प्लास्टिकची खुर्ची ठेवली होती. त्या तिच्यावर बसल्या. राजे बाजूला उभे राहिले, एक हात खुर्चीच्या पाठीवर. सनई वाजली आणि थांबली. पुढे काय करायचं हे कोणालाच कळेना. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या दोघांतलं एक बसलं होतं आणि एक उभं होतं.

तेव्हा मानकऱ्यांमधून लिंबाजी पुढे आले. धर्माजींचा मुलगा, तोही आता सत्तरीच्या पुढचा. त्यांनी चपला काढल्या आणि राजांपुढे न जाता खुर्चीपुढे वाकले.

"राणीसाहेब," ते म्हणाले, "माह्या बापानं जे म्हन्लं, ते त्याच्या संग गेलं पाह्यजे होतं. म्या ठेवलं. आता वर चला."

बसंतीबाईंनी राजांकडे पाहिलं.

"मले कायले पाह्यतं?" राजे म्हणाले. "त्यानं तुले इचारलं."

 बसंतीबाईंनी ओट्याकडे पाहिलं, लोकांकडे पाहिलं, लिंबाजींच्या पांढऱ्या डोक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "चलतो. पन मले उचलू नका कोनी."

ओट्याच्या पायऱ्या उंच आहेत. एका हातानं त्यांनी राजांचा खांदा धरला, दुसरा हात लिंबाजींच्या मनगटावर. एक पाऊल, मग थांबणं, मग दुसरं. फेटियाचे आरसे उन्हात लकाकत होते. राजांचा खांदा तिच्या भारानं खाली जाई आणि ते पुन्हा ताठ होत. एवढ्या गर्दीत एक लेकरूसुद्धा रडलं नाही. शेवटी बसंतीबाई गादीवर टेकल्या.

त्या नीट बसल्याची खात्री झाल्यावरच राजे बसले. हळूच, जसं कोणी परक्या घरी बसतं.

आणि मग आमची पंचाईत झाली. राजे बसले म्हणजे आता आपणही बसायचं, हे कोणाच्या सवयीतच नव्हतं. सतरंजी नव्हती. मानकऱ्यांना आपापल्या जागा आठवत नव्हत्या. शेवटी एका म्हातारीनं पदर सावरून सरळ मातीत बसकण मारली. तिच्या शेजारची बसली. मग पटांगणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माणसं खाली बसत गेली, आणि ओट्यावरची ती दोघं सगळ्यांना पहिल्यांदा एकदम दिसली. पुष्कळ जण रडत होते. वामनराव तर उघडउघड. लिंबाजी तेवढे हात जोडून उभेच होते.

राजांनी समोर बसलेली सगळी माणसं पाहिली. काहीतरी बोलायला त्यांनी तोंड उघडलं.

"सरका जराक," बसंतीबाई म्हणाल्या. "माह्या फेटियावर बसले तुमी."

राजे अर्धे उठले, दोन्ही हातांनी तो जड घेर खालून ओढून काढला, तिच्या पायांवर नीट पसरला आणि पुन्हा बसले. मग लोक आपट्याची पानं घेऊन रांगेनं पुढे येऊ लागले.