काळ्या डबीतले कुंकू

मित्रांनो, मी फिल्म रोलची काळी डबी आहे. तुमच्या घरी फोनवरच फोटो निघतात, त्यामुळे तुम्ही मला ओळखणार नाही. मी अंगठ्याएवढी आहे. आत उजेड येऊ द्यायचा नाही, हे एकच काम मला कारखान्यात शिकवले होते. म्हणून झाकण उघडण्याची धास्ती मला जन्मापासून आहे.

रोल संपला की माझ्यासारख्या डब्या कचऱ्यात जात. मला मीनलताईंनी वाचवले. पुण्याहून सिंगापूरला येताना त्यांनी मला धुऊन वाळवले आणि माझ्यात कुंकू भरले. करंडा घरी देवापाशी असे, प्रवासाला मी जात असे. कोणत्याही देवळात शिरण्याआधी त्या दाराशी थांबून कपाळाला बोट लावत.

"अगं, हा आपला देव नाही," त्यांचे यजमान निशिकांतराव चिडवत.

"मग काय झालं? दुसऱ्याच्या घरी जाताना आपण नीट आवरून जात नाही का?"

इजिप्तमध्ये नाईलकाठच्या लक्सरची जुनी देवळे त्यांना पाहायची होती. तिकिटे काढण्याआधीच त्या आजारी पडल्या आणि गेल्या. सिंगापुरातल्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटमध्ये मी त्यांच्या पर्समध्ये पडून राहिले. माझ्यात अर्धे कुंकू होते आणि त्यात त्यांच्या बोटाने पडलेला खळगा. निशिकांतरावांनी एकदा मला उघडले, तो खळगा पाहिला आणि लगेच झाकण लावले. "आईच्या डबीला हात लावायचा नाही," असे त्यांनी इराला, म्हणजे लेकीला, बजावले.

२०१८च्या डिसेंबरात शाळेच्या सुटीत बापलेक लक्सरला निघाले. निशिकांतराव मला शर्टाच्या खिशात उभी ठेवत. विमान हलले, नाव डुलली, की ते खिशावर हात ठेवत. खळगा मोडेल ही भीती त्यांना होती, तशी मलाही होती.

एका देवळापाशी आम्ही रांगेत उभे होतो. एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला वाळवंटातून येणारा कोरडा वारा.

"बाबा, एकेक खांब आपल्या लिफ्टपेक्षा जाड आहे, लाह!" इरा तिच्या सिंगापुरी ढंगात म्हणाली.

दारात खिसे रिकामे करायला सांगितले. मी प्लास्टिकच्या ट्रेमध्ये आडवी पडले आणि माझा धीर सुटला. पहारेकऱ्याने मला उचलून कानाशी धरले.

"व्हॉट इज धिस?"

"पावडर," निशिकांतराव म्हणाले. मित्रांनो, चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेत दिवसभर इंग्रजी बोलणाऱ्या माणसाला नेमका हाच शब्द सुचला!

पहारेकऱ्याचा चेहरा बदलला. त्याने दुसऱ्याला हाक मारली. "हूज पावडर?"

"माय वाइफ्स."

"व्हेअर इज युअर वाइफ?"

निशिकांतरावांनी मला परत घ्यायला हात पुढे केला. पहारेकऱ्याने झाकण उघडले. वारा आत घुसला आणि काठावरचे कुंकू उडू लागले. निशिकांतरावांनी झडप घालून माझ्या तोंडावर तळहात धरला, तसे दुसऱ्याने त्यांचे मनगट पकडले. शेजारीच जप्त केलेल्या लायटर आणि बाटल्यांचे पिंप होते. मी थिजून त्याच्याकडे पाहत होते.

"बाबा, मला लाव," इरा हळूच म्हणाली.

"नको, इरा. तिथे तिचं बोट..."

"दे विल थ्रो इट, बाबा. प्लीज, लाव ना."

त्यांनी पिंपाकडे पाहिले. मग मोकळ्या हाताचे बोट बरोबर त्या अर्ध्यामुर्ध्या उरलेल्या खळग्यात घातले आणि इराच्या कपाळावर टेकवले. टिकली वाकडी झाली, थोडे कुंकू नाकावर सांडले.

पहारेकरी पाहत राहिला. मनगटावरची पकड सुटली. "इंडियन फिल्म!" स्वतःच्या कपाळाला बोट लावून तो दुसऱ्याला म्हणाला. मग त्याने इराला विचारले, "युअर मदर्स?"

"येस."

त्याने झाकण दाबून बसवले आणि मला इराच्या हातात दिले.

खळगा गेला होता. आता निशिकांतराव कोसळतील, असे मला वाटले. सावलीत गेल्यावर ते म्हणाले, "नाक पूस. लोक हसतील."

"हसू देत. आता तू लावून घे."

त्यांनी इकडेतिकडे पाहिले आणि मान खाली वाकवली.

मित्रांनो, आता मी इराच्या दप्तरात असते. गेलेल्या माणसाची वस्तू जपा, पण तिला हात लावायला घाबरू नका. माझ्यातले कुंकू तळाला आले आहे. भारतीय दुकानांच्या सेरंगून रोडवरून नवे आणून त्यात मिसळायचे म्हणून इरा हट्ट धरते, आणि निशिकांतराव "बघू" म्हणतात. मला त्यांच्याशी बोलता आले असते, तर मी एवढेच म्हटले असते, की मिसळा. मला रिकामी मात्र ठेवू नका.